मूल, घर आणि मधे समुद्र: स्कॉटलंडच्या बेटांवर सरकार कुटुंबाच्या मदतीला कसं येतं?

परदेशात राहणाऱ्या एखाद्या भारतीय जोडप्याचं मूल तिथल्या सरकारने ताब्यात घेतलं, अशी बातमी अधूनमधून येते. ती वाचून आपल्याकडे संताप होतो आणि सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: आईबाप धडधाकट असताना सरकार मधे पडतंच कसं? बातमीत याचं उत्तर सापडत नाही, कारण बातमी शेवटच्या पायरीची असते. त्याआधी किती पायऱ्या होत्या, त्यांवर कोण माणसं उभी होती, कोणाच्या हातात काय होतं, हे कळल्याशिवाय शेवटची पायरी बरोबर की चूक हे सांगता येत नाही.

या पायऱ्या समजून घ्यायला मी स्कॉटलंडची बेटं निवडली आहेत. नियम स्कॉटलंडभर सारखेच आहेत, पण बेटावर त्यांचा प्रत्येक सांधा उघडा दिसतो. माणसं मोजकी, सगळे एकमेकांना ओळखणारे आणि मोठी इस्पितळं, मोठ्या संस्था समुद्रापलीकडे. शिवाय याच बेटांवर सरकारी यंत्रणेच्या हातून दोन गंभीर चुका झाल्या. एकीकडे घाई झाली, दुसरीकडे दिरंगाई. या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहिल्या की विषय बराच स्वच्छ दिसतो.

आधी थोडा भूगोल

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड, पश्चिमेला वेस्टर्न आइल्स. हे तीन द्वीपसमूह. ऑर्कनीत सुमारे २२ हजार माणसं, शेटलंडमध्ये सुमारे २३ हजार, वेस्टर्न आइल्समध्ये सुमारे २६ हजार. १९७५ पासून तिघांचीही आपापली काउन्सिल आहे. काउन्सिल म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था. शाळा, बालसंरक्षण, सरकारी घरं, सगळं तिच्याकडे. ऑर्कनी आणि शेटलंडमध्ये तर बेटाबेटांमधल्या फेरीबोटीही काउन्सिलच चालवते. आरोग्यसेवेचं मंडळ मात्र वेगळं, पण तेही प्रत्येक द्वीपसमूहाचं स्वतःचं.

शेटलंडचं मुख्य गाव लर्विक. मुख्य भूमीवरच्या अ‍ॅबर्डीनहून तिथे जायला बोटीत रात्रभर बारा-तेरा तास लागतात. हिवाळ्यात वादळ आलं की बोटही नाही आणि विमानही नाही.

ऑर्कनीचं मुख्य गाव कर्कवॉल. पण ऑर्कनी म्हणजे काही एक बेट नव्हे, वस्ती असलेली वीसेक बेटं आहेत. नॉर्थ रोनाल्डसेसारख्या टोकाच्या बेटावरच्या मुलाला प्राथमिक शाळेनंतर गावात शाळाच नसते. अकरा-बारा वर्षांचं पोर आठवडाभर कर्कवॉलला राहतं आणि हवामानाने साथ दिली तर शनिवार-रविवारी घरी येतं. अशा मुलांसाठी तिथे पॅपडेल हॉल नावाचं सरकारी वसतिगृह आहे. म्हणजे एरवी कसलीही अडचण नसलेल्या सुखी घरातलं मूलही बारा वर्षांचं होताच काउन्सिलच्या माणसांच्या देखरेखीखाली झोपतं. मूल जेवलं का, गप्पगप्प का आहे, घरची आठवण काढून रडतंय का, हे पाहणं त्यांचं रोजचं काम. आपण ज्याला ‘सरकारचा हस्तक्षेप’ म्हणतो तो तिथल्या आयुष्यात इतका आधीपासून आणि इतक्या साधेपणाने मिसळलेला आहे. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढचं सगळं पोलिसी वाटायला लागतं.

मदत सुरू होते बाळाच्या जन्माआधी

२०१७ पासून स्कॉटलंडमध्ये होणाऱ्या प्रत्येक बाळासाठी सरकारकडून एक खोकं येतं. त्यात कपडे, थर्मामीटर, पुस्तकं, गादी असते. श्रीमंत-गरीब असा भेद नाही. बाळ आल्यावर हेल्थ व्हिजिटर घरी येऊ लागते. ही विशेष प्रशिक्षण घेतलेली नर्स. मूल शाळेत जाईपर्यंत तिने घरी एकूण ११ भेटी द्यायच्या आणि त्यांतल्या ८ पहिल्याच वर्षात, असं वेळापत्रक आहे. ती वजन-उंची पाहते, लसींचं विचारते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आईकडे पाहते. बाळंतपणानंतर ती खचली आहे का, झोप मिळते का, घरात कुणी हात उगारतं का. बेटावरच्या घरात आजी बहुधा शेजारीच असते. मात्र नोकरीसाठी बाहेरून आलेल्या जोडप्याला कोणीच नसतं. त्या बाईसाठी ही भेट फार मोलाची ठरू शकते.

पुढे तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांना वर्षाला १,१४० तासांची बालवाडी मोफत. ही सोय २०२१ पासून पूर्णपणे लागू झाली. कमी उत्पन्नाच्या घरांना ‘स्कॉटिश चाइल्ड पेमेंट’ मिळतं. २०२१ मध्ये ते सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आठवड्याला १० पौंडांनी सुरू झालं. २०२२ च्या अखेरीस ते सोळा वर्षांखालच्या सगळ्या पात्र मुलांना मिळू लागलं आणि रक्कम २५ पौंड झाली. २०२५-२६ साठी ती प्रत्येक मुलामागे आठवड्याला २७.१५ पौंड ठरली. २२ वर्षांखालच्या मुलांना २०२२ पासून बसप्रवास फुकट आहे. अर्थात ज्याच्या शाळेच्या वाटेत समुद्र आहे त्याला बसचा पास कितीसा पुरणार, ही बेटकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते.

याच्या पुढची पायरी कायद्याची आहे. ‘चिल्ड्रन (स्कॉटलंड) अ‍ॅक्ट १९९५’ च्या कलम २२ प्रमाणे, एखाद्या मुलाला मदतीची गरज असेल तर ती देणं काउन्सिलवर बंधनकारक आहे आणि ती अशी द्यायची की मूल शक्यतो आपल्या घरातच वाढावं. ही मदत अगदी साधी असते. आईच्या आजारपणात काही तास घरी येणारी मदतनीस, अपंग मुलाच्या आईबापाला थोडी उसंत, वयात आलेल्या मुलाशी बोलणारा यूथ वर्कर, कधी रोख पैसे. पावसाळ्याआधी घर शाकारून घेतात तसं हे आहे. कौल फुटलंय हे वैशाखात कळलं तर एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम. आषाढात कळलं तर घरातली माणसं बाहेर काढावी लागतात.

बेटावर तर माणसं बाहेर काढायची म्हणजे त्यांना समुद्रापार न्यायचं. म्हणूनच, मुख्य भूमीवर लवकर दिलेली मदत हा शहाणपणा असेल, पण बेटावर ती गरज आहे असं मी म्हणतो.

पण घरात डोकावण्याचा अधिकार कोणी दिला?

हा आक्षेप फक्त आपलाच आहे असं समजू नका. स्कॉटिश लोकांनीही तो घेतला आणि जिंकला.

२०१४ च्या एका कायद्यात प्रत्येक मुलासाठी एक ‘नेम्ड पर्सन’ नेमण्याची तरतूद होती. म्हणजे एक ठरलेलं माणूस: शाळेआधी हेल्थ व्हिजिटर, नंतर बहुधा मुख्याध्यापक. पालकांना अडचण आली की कोणाकडे जायचं ते ठाऊक असावं, हा हेतू. पण त्याच कायद्यात या माणसाला मुलाची खासगी माहिती इतर खात्यांशी वाटून घेण्याची मुभा फार सैल शब्दांत दिली होती. काही पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. जुलै २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हेतू चांगला असला तरी माहिती वाटण्याच्या तरतुदी कौटुंबिक खासगीपणाच्या हक्काशी विसंगत आहेत. २०१९ मध्ये सरकारने सक्तीची योजना सोडून दिली. ठरलेला माणूस ही सोय धोरण म्हणून अजून आहे, पण त्याची मदत घ्यायलाच हवी असं पालकांवर बंधन नाही.

एक गोष्ट मात्र ठाम आहे. मुलाला मारणं हा स्कॉटलंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२० पासून गुन्हा आहे. ‘शिस्तीसाठी एक चापट’ हा बचाव कायद्यातून काढून टाकला गेला. ‘आम्हालाही मार बसला, आम्ही कुठे बिघडलो’ हे तिथे चालत नाही. चालू नये, असंच मलाही वाटतं.

शेवटच्या पायरीआधीची बैठक

समजा मदत देऊनही मूल धोक्यात आहे, शाळेत येत नाही, किंवा त्याच्या हातून गुन्हा घडला. मग प्रकरण ‘रिपोर्टर’कडे जातं. हा पत्रकार नव्हे. सक्तीच्या देखरेखीची गरज आहे का, हे पुरावे पाहून ठरवणारा तो स्वतंत्र अधिकारी. त्याच्याकडे पोलीस, शाळा, शेजारी, कोणीही जाऊ शकतं. आलेल्या बहुतेक प्रकरणांत तो पुढची कारवाई करत नाही. गरज वाटली तर ‘चिल्ड्रन्स हिअरिंग’ बोलावतो.

हिअरिंग म्हणजे एका टेबलाभोवतीची बैठक. निर्णय देणारे तिघे असतात. ते न्यायाधीश नसतात, सरकारी नोकरही नसतात. प्रशिक्षण घेतलेले, बिनपगारी काम करणारे सामान्य नागरिक असतात. मूल, आईबाप आणि सोशल वर्कर, म्हणजे काउन्सिलचा समाजसेवा कर्मचारी, समोर बसतात. आईबापांना वकील आणता येतो. मुलाला स्वतःची बाजू मांडायला साहाय्यक मिळतो आणि मुलालाही स्वतःचं मत असतं असं कायदा धरून चालतो. निर्णय तिथल्या तिथे, कारणांसह सांगितला जातो.

ही कल्पना १९६४ च्या किलब्रँडन समितीच्या अहवालातली. समितीचं निरीक्षण होतं की गुन्हा करणारं मूल आणि ज्याची आबाळ झाली आहे असं मूल, दोघांच्या गरजा बहुतेक वेळा सारख्याच असतात, म्हणून दोघांसाठी जागाही एकच हवी. १९७१ पासून ही पद्धत सुरू आहे.

आईबापांनी आरोप नाकारला तर हिअरिंग त्यावर निकाल देत नाही. तो प्रश्न शेरीफकडे जातो. स्कॉटलंडमध्ये शेरीफ म्हणजे स्थानिक न्यायालयाचा न्यायाधीश. आरोप सिद्ध झाला तरच हिअरिंग पुढे सरकते. आणि मग जो आदेश निघतो तो ‘मूल घेऊन जा’ असाच असतो असं नाही. मूल घरीच राहतं आणि सोशल वर्कर ठरल्या वेळी येतो, असे आदेशही निघतात. वर्षाच्या आत त्याचा फेरविचार सक्तीचा, आणि २१ दिवसांत शेरीफकडे अपील करता येतं.

ऑर्कनी १९९१: घाई

२७ फेब्रुवारी १९९१. ऑर्कनीतल्या साउथ रोनाल्डसे बेटावर भल्या सकाळी पोलीस आणि सोशल वर्कर चार घरांत शिरले आणि नऊ मुलांना घेऊन गेले. दुसऱ्या एका कुटुंबातल्या मुलांनी केलेल्या काही विधानांवरून सामूहिक लैंगिक अत्याचाराचा संशय आला होता. मुलांना विमानाने मुख्य भूमीवर नेऊन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलं. स्वतःची खेळणी बरोबर घेऊ दिली नाहीत. आईबापांना भेटू दिलं नाही, घरून आलेली पत्रं त्यांच्यापर्यंत पोहोचवली नाहीत. पुन्हापुन्हा मुलाखती घेतल्या.

पाच आठवड्यांनी कर्कवॉलमध्ये शेरीफ डेव्हिड केल्बी यांनी पुरावे ऐकण्याआधीच, कार्यपद्धतीच चुकीची म्हणून प्रकरण फेटाळलं. ४ एप्रिलला मुलं घरी परतली. पुढे वरच्या न्यायालयाने शेरीफचा निर्णयही कायद्याला धरून नव्हता असं म्हटलं, पण तोवर खटला पुढे नेण्यात अर्थ उरला नव्हता आणि रिपोर्टरने तो सोडला. म्हणजे आरोपांची छाननी कधी झालीच नाही. न्यायमूर्ती क्लाइड यांच्या चौकशी समितीने ऑक्टोबर १९९२ मध्ये १९४ शिफारशी केल्या. मुलांना नेण्याची पद्धत, मुलाखती, घरच्यांशी तोडलेला संपर्क, सगळ्यावर टीका झाली.

या अहवालाची छाप १९९५ च्या कायद्यावर स्पष्ट दिसते. आज मूल तातडीने हलवायचं तर सहसा ‘चाइल्ड प्रोटेक्शन ऑर्डर’ लागते. ती शेरीफ देतो. अंमलबजावणीनंतर कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी हिअरिंग भरून तो आदेश ठेवायचा की नाही ते पाहते आणि आठव्या दिवशी पुन्हा बसते. पाच आठवडे कोणी विचारणारंच नाही, ही स्थिती राहिली नाही.

ल्युइस: दिरंगाई

ऑर्कनीची गोष्ट वाचून ‘बघा, सरकारने घरात पडूच नये’ असं वाटेल. मग दुसरी गोष्ट पाहायला हवी. वेस्टर्न आइल्समधल्या ल्युइस बेटावर २००३ मध्ये बाल-अत्याचाराच्या संशयावरून काही जणांना अटक झाली. २००४ मध्ये त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. पण २००५ मध्ये सरकारी तपासणी संस्थेने आपला अहवाल दिला आणि त्यात म्हटलं की तीन बहिणींवर वर्षानुवर्षं अत्याचार झाला होता. डॉक्टर, शिक्षक, सोशल वर्कर यांचा त्या घराशी सतत संबंध होता. प्रत्येकाकडे चित्राचा एकेक तुकडा होता. आईबाप सुधारतील ही आशा सगळ्यांनी फार काळ धरली, आणि मुलींना घरातून खूप आधी बाहेर काढायला हवं होतं.

मला हा अहवाल ऑर्कनीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. ऑर्कनीच्या आईबापांचा आक्रोश वर्तमानपत्रांत आला, लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. दिरंगाईला बळी पडणाऱ्या मुलीचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. आपल्या बातम्यांतही हेच होतं. काढून नेलेल्या मुलाची बातमी होते, घरात सडलेल्या मुलाची होत नाही.

सगळे ओळखीचे, मग गुपित राहणार कसं?

बेटावरच्या बाईला हेल्थ व्हिजिटरशी नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायचं असतं, पण त्या नर्सची बहीण नवऱ्याच्या कामावर असते. सोशल वर्करची गाडी दारात उभी राहिली की संध्याकाळपर्यंत ते गावभर होतं. ही अडचण खरी आहे आणि तिला पुरतं उत्तर नाही.

काही वाटा आहेत. हिअरिंगमधल्या सदस्याची कुटुंबाशी ओळख असेल तर त्याने बाजूला व्हायचं असतं. २०१३ पासून सदस्यांचं मंडळ देशभराचं एकच असल्याने बाहेरचा सदस्य बोलावता येतो. कोविडनंतर व्हिडिओवरूनही बैठका होतात. मदत शाळेतून किंवा दवाखान्यातून दिली तर कोण कशासाठी आलंय ते कळत नाही. पण शेवटी त्या नर्सने तोंड बंद ठेवलं पाहिजे, यावरच सगळी भिस्त. आणि ओळखीचा फायदाही आहेच. पोरगं तीन दिवस दिसलं नाही हे दुकानदाराच्या लक्षात येतं. मोठ्या शहरात ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

मूल नेलंच, तर कुठे?

आधी नातेवाईक. आजी-आजोबा, मावशी, काका मूल सांभाळत असतील तर काउन्सिल त्यांना भत्ता देते. मग सांभाळ करणारं दुसरं कुटुंब, शक्यतो त्याच बेटावरचं. पण पंचवीसेक हजारांच्या वस्तीत अशी कुटुंबं किती असणार? तीन भावंडांना एकत्र घेणारं घर मिळालं नाही तर भावंडं तरी फुटतात, नाहीतर बेट तरी सुटतं. आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू शकणाऱ्या मुलांसाठीची बंदिस्त केंद्रं सगळी मुख्य भूमीवर आहेत, बेटांवर एकही नाही. तिथे गेलेल्या मुलाला भेटायचं तर आईला बोटीचं तिकीट, मुक्काम आणि कामावरची रजा लागते. भेटी कमी होतात, नातं सुटत जातं. कोणाची चूक नसताना.

सरकारी देखरेखीत वाढलेल्या मुलाला अठरा पूर्ण होताच रस्त्यावर सोडत नाहीत. २०१४ च्या कायद्याने पात्र मुलांना २१ पर्यंत त्याच घरी राहण्याची आणि २६ पर्यंत मदत मागण्याची मुभा दिली. पण बेटांवर भाड्याची घरंच कमी. कायद्याने हक्क दिला तरी राहायला खोली हवी ना.

मूठभर लोकांसाठी एवढा खर्च?

दरडोई हिशेब केला तर बेटावरची सेवा महागच पडते. एक मानसोपचारतज्ज्ञ विमानाने आणायचा आणि धुक्यामुळे तो आलाच नाही तरी पैसे जातात. पण सेवा नाही म्हणून तरुण कुटुंबं निघून गेली की शाळा बंद पडते, आणि शाळा गेली की बेट ओसाड पडतं. हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. १९३० मध्ये सेंट किल्डा बेटावरचे उरलेले ३६ रहिवासी स्वतःच विनंती करून मुख्य भूमीवर हलले. २०१८ च्या ‘आयलंड्स (स्कॉटलंड) अ‍ॅक्ट’ने आता असं बंधन घातलं आहे की नवं धोरण बेटांवर वेगळा परिणाम करणार असेल तर तो आधी तपासायचा.

तिथे नोकरीला जाणाऱ्या मराठी कुटुंबासाठी

कामाच्या व्हिसावर बहुतेकांना ‘सार्वजनिक निधी’ घेण्याची मनाई असते. त्यामुळे स्कॉटिश चाइल्ड पेमेंट सहसा मिळत नाही. पण बाळाचं खोकं, हेल्थ व्हिजिटर, शाळा, मोफत बालवाडीचे तास आणि कलम २२ ची मदत त्या मनाईत येत नाहीत. मदत मागितली म्हणून व्हिसा जाईल, या भीतीने गप्प बसू नका.

सोशल वर्कर दारात आला तर घाबरून दार लावू नका आणि घाईने कशावर सहीही करू नका. काय चिंता आहे ते लेखी मागा. इंग्रजीत भावना नीट मांडता येत नसतील तर मराठी दुभाषी मागा, त्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत. नवऱ्याने बायकोचं भाषांतर करू नये. घरातच काही बिघडलं असेल तर तिला बोलताच येणार नाही. रिपोर्टरचं पत्र आलं तर हिअरिंगला जाच. वकील घ्या, परवडत नसेल तर सरकारी कायदेशीर मदतीसाठी अर्ज करा. आणि निर्णय मान्य नसेल तर अपिलाचे २१ दिवस कॅलेंडरवर त्याच दिवशी मोजून ठेवा.